पाच मोजेपर्यंत

माझी बायको गुरुवारी सकाळी गेली. आमचा चहा झाला होता. ती खुर्चीत बसली आणि उठली नाही. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं. दुपारपर्यंत आर्वीहून माणसं आली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं झालं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. भाजी कुठून घ्यायची, दूध किती, गॅसचा नंबर कशात लिहिला आहे, हे मला शिकावं लागलं. मी शाळेत ग्रंथपाल होतो. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते न बघता सांगू शकत असे. पण आमच्या स्वयंपाकघरात हळद कुठल्या डब्यात आहे ते मला पाच डबे उघडून बघावं लागलं.

हॉलमध्ये खिडकीशी तिचा संगणक होता. त्याच्यावर तिनंच शिवलेलं फुलाफुलांचं कापड टाकलेलं होतं. ते कापड मी अडीच महिने काढलं नाही.

ती आर्वीच्या एसटी डेपोत चौकशी खिडकीवर होती. नोकरीची शेवटची अकरा वर्षं ती त्या खिडकीत बसली. गाडी कधी आहे, कुठे लागेल, गेली का, येईल का, एवढंच सांगायचं काम. पण लोक एवढंच विचारत नसत. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढता काढता ती सांगायला लागायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, मी काल कोन्या गाडीनं गेलतो?" एका बाईनं विचारलं, "माही सून ज्या गाडीत बसते ते गाडी कोनती?" एकजण आर्वीच्या स्टँडवर उभा राहून विचारत होता, आर्वीले गाडी थांबते का. ती हे सगळं रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवायची. निवृत्त झाली तेव्हा अशा कागदांच्या दोन पिशव्या तिनं घरी आणल्या. आम्ही आर्वी सोडून वर्ध्याला, पिपरी मेघ्यात राहायला आलो, तेव्हा सामानात सगळ्यात आधी त्या पिशव्या चढल्या.

इथे आल्यावर तिनं एक जुना संगणक घेतला आणि दोन महिने क्लासला जाऊन मराठी टायपिंग शिकली. कळफलकावर मराठी अक्षरांचे छोटे स्टिकर स्वतः चिकटवले. रोज दुपारी जेवण झाल्यावर दोन तास ती टाईप करायची. एका बोटानं नाही, दहाही बोटांनी, आणि मधूनच एकटी हसायची.

सुरुवातीच्या दहा-बारा पानांची छापील प्रत तिनं मला दाखवली होती. मी ती शिक्षकासारखी वाचली. हातात पेन्सिल घेऊन. वाचून झाल्यावर म्हणालो, "यातले निम्मे प्रश्न सारखेच आहेत. आंजीची गाडी गेली का, आंजीची गाडी गेली का. किती वेळा वाचायचं?"

तिनं पानं परत घेतली. रागावली नाही. म्हणाली, "सारखे नाईत ते. पुरं झालं की दाखवीन तुमाले. तोवर मागू नका."

मी मागितली नाहीत. चार वर्षं ती टाईप करत होती आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. कागदांच्या पिशव्या जसजशा टाईप होत गेल्या तसतशी ती त्या रद्दीत देत गेली. घर लहान आहे आणि धूळ होते, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे ती गेली तेव्हा जे काही होतं ते त्या संगणकात होतं, आणि ते मी वाचलेलं नव्हतं.

दसरा आला. शेजारच्या वहिनी सांगून गेल्या की यंदा आपल्याकडे सण नसतो, वर्ष व्हायचं आहे, काही करू नका. मला करायचंही नव्हतं. पण दसऱ्याला ती दरवर्षी संगणकाची पूजा करायची. माझ्या सायकलची, शिलाई मशीनची आणि संगणकाची. दुपार झाली तसं मला वाटायला लागलं की सायकल आणि शिलाई मशीन राहू दे, संगणकाला मात्र काहीतरी केलं पाहिजे. त्याच्या पोटात तिचं सगळं आहे.

मी कापड काढलं. धूळ पुसली. पूजा मी आयुष्यभर पेपरच्या आडून पाहिलेली होती, केलेली नव्हती. ती एका वाटीत काहीतरी घेऊन त्यात कुंकू कालवायची, एवढं आठवत होतं. नैवेद्याला म्हणून मी गूळपाणी केलं होतं, त्याच वाटीत कुंकू टाकलं. ती कुठे लावायची हेही मला नक्की आठवेना. मला वाटलं, माणसाला कपाळावर लावतात, तर यालाही समोर लावावं. समोर जिथे दिवा लागतो तिथे एक गोल बटण आहे. त्याच्यावर मी कुंकवाचं बोट टेकवलं आणि त्यावर अक्षता लावल्या. उभ्या पृष्ठभागावर अक्षता टिकणार नाहीत अशी मला शंका होती, पण एकही दाणा पडला नाही. मला त्याचं समाधान वाटलं. वर झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं की आता वाचायचं. बटण दाबलं. पंख्याचा आवाज झाला, निळा दिवा लागला, आणि दिवा गेला. पंखा थांबला. परत दाबलं. परत तसंच.

मी घाबरलो. लाईट गेली का बघितलं. फ्रिज सुरू होता. दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलं. वायर बदलली. ग्रंथालयातल्या नोंदींची सवय असल्यामुळे मी एक वही काढली आणि प्रत्येक प्रयत्न लिहून ठेवायला लागलो. तारीख, वेळ, काय केलं, काय झालं. काय झालं या रकान्यात एकच नोंद येत गेली: लगेच बंद.

चौथ्या दिवशी मी वर्ध्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो येणार म्हणून सकाळी मला एकदम लाज वाटली. शाळेत नोकरी केलेला माणूस, आणि संगणकाला कुंकू लावून बसला आहे. मी ओल्या फडक्यानं बटण घासून घासून पुसलं. कुंकवाचा मागमूस ठेवला नाही.

दुरुस्तीवाला पस्तिशीचा, सज्जन माणूस होता. मला काकाजी म्हणायचा. त्यानं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि ब्रशनं धूळ झाडली. रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासलं आणि ती परत बसवली. संगणक सुरू झाला आणि बंद झाला. मग त्यानं वीज पुरवणारा डबा बदलून बघितला. मग प्रोसेसरवरचा पंखा काढून खालची वाळलेली पेस्ट पुसली आणि नवी लावली.

"कितीक दिवस बंद होता हा, काकाजी?"

"अडीच महिने."

"काऊन पण? पावसाळाभर बंद ठेवला तं ओल धरते ना हे. हप्त्यातून एक वेळा तरी लावत जा."

मी त्याला चहा विचारला. का बंद ठेवला ते त्याला सांगावंसं वाटलं नाही.

शेवटी त्यानं झाकण लावलं आणि हात पुसले. "मदरबोर्ड गेला वाटते. याच्यात आता जीव नाई." मग माझ्याकडे पाहून तो घाईनं म्हणाला, "हार्डडिस्क चांगली असन, काकाजी. डेटा काढून देतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

डेटा निघाला. मी त्याच्या दुकानात उभा होतो आणि त्याच्या पडद्यावर तिची फाईल उघडली. पान भरून आडव्या-तिरप्या खुणा, कंस, इंग्रजी अक्षरं, मध्येच एक टक्क्याचं चिन्ह. ती ज्यात टाईप करत होती ती जुनी पद्धत होती. तिचा फॉन्ट आणि ती टायपिंगची प्रणाली फक्त आमच्याच संगणकात होती. सीडी असेल तर आणा, त्याशिवाय ती दुसरीकडे चालणार नाही, तो म्हणाला. क्लास कधीच बंद पडला होता. घरात मी सगळी कपाटं पाहिली, सीडी मिळाली नाही. त्या पडद्यावर मला ओळी दिसत होत्या. कुठली ओळ लहान, कुठली मोठी, कुठे तिनं एक ओळ सोडली आहे, हे दिसत होतं. वाचता मात्र काही येत नव्हतं.

हार्डडिस्क त्यानं परत आणून बसवून दिली. दुसरा मदरबोर्ड जुन्या बाजारात शोधतो, पण भेटन याचा भरवसा नाई, असं सांगून तो गेला. तरी मी रोज सकाळी एकदा बटण दाबायचो आणि वहीत लिहायचो. लगेच बंद.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी बारा वाजता फाटक वाजलं.

आर्वीच्या डेपोतला तिचा मानलेला भाऊ आला होता. डेपोच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक होता, तिच्या आधी दोन वर्षं निवृत्त झाला. सख्खा भाऊ तिला नव्हता. दर भाऊबीजेला तो पहिल्या गाडीनं यायचा, ती ओवाळायची, तो ताटात ब्लाऊजपीस टाकायचा आणि म्हणायचा की रंग तुह्या वहिनीनं निवडला, मले शिव्या देऊ नको. या वर्षी तो येईल असं माझ्या मनात नव्हतं. दारात उभा राहून तो म्हणाला, "आर्वीपासून उभ्यानं आलो, भाऊजी. गर्दी पाहाल तं. बसू द्या पहिले."

त्याच्या हातात पिशवी होती. "काय आणावं समजेना. खाली हातानं येववत नव्हतं. सीताफळं हायेत. पिकायले दोन दिवस लागतीन."

मी पाणी दिलं. आम्ही समोरासमोर बसलो. ओवाळायची वेळ होती आणि ओवाळायला कुणी नव्हतं. तो भिंतीकडे पाहत होता, मी जमिनीकडे. मग कुठेतरी बघायचं म्हणून त्यानं संगणकाकडे पाहिलं.

"ताईचं पुस्तक झालं का हो पुरं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले? अर्धे प्रश्न तं मीच आनून देल्ले तिले. वर्कशॉपच्या गेटवर बी लोक येऊन इचारत. डेपोत कोनाले माहीत नव्हतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. दुरुस्तीवाला, पेस्ट, मदरबोर्ड, पडद्यावरच्या खुणा. वहीही दाखवली. त्यानं चष्मा लावला आणि ती तीन आठवड्यांची नोंद बोट फिरवत वाचली. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे लगेच म्हंजे कितीक?"

"लगेच म्हणजे लगेच."

"सकाळी लगेच, दुपारी लगेच. एवढे शिकलेले तुम्ही, भाऊजी. आमच्या डेपोत एखाद्या ड्रायव्हरनं कार्डावर असं लिवलं असतं ना, 'गाडी लगेच बंद', तं फोरमननं ते कार्ड त्याच्या तोंडावर फेकून मारलं असतं. किती किलोमीटर चालून बंद? थंडी होती का गरम? चढावर का उतारावर? हे लिवा लागते."

"हा काही चढावर जात नाही."

"लावा. मी मोजतो."

मी बटण दाबलं. तो मांडीवर बोट आपटत मोजत होता. पाचावर दिवा गेला.

"पुन्हा लावा."

पाच.

"पुन्हा."

पाच. त्यानं मला सात वेळा लावायला लावलं. सातही वेळा पाच.

तो खुर्चीत मागे टेकला. "हे गरम होऊन बंद पडून नाई राह्यलं. गरमीनं बंद पडनारी गाडी दुसऱ्या खेपेले लवकर पडते, तिसऱ्या खेपेले त्याच्याहून लवकर. आन् वायर ढिली असती तं कधी दोनावर, कधी दहावर पडलं असतं. हे तं घड्याळ लावल्यावानी दर खेपेले पाचावर बसते. भाऊजी, हे बिमारी नाई. याले कोनीतरी बंद करून राह्यलं."

"कोण करणार? घरात मी एकटा."

"मंग तुम्हीच करून राह्यले असान."

मला ते लागलं. पण तो हे बोलला आणि मला ती दिसली. संगणक अडकला, पडदा गोठला, की ती उठायची नाही, वैतागायची नाही. बटणावर बोट ठेवायची आणि दाबून धरायची. लहान पोराला थोपटावं तशी मोजायची, "एक, दोन, तीन, चार, पाच, झोप." आणि तो बंद व्हायचा. बटण एकदा दाबून सोडलं की संगणक सुरू होतो, आणि दाबून धरलं की पाचाच्या आसपास बंद होतो. हे मी शेजारच्या खोलीतून कितीतरी वेळा ऐकलं होतं.

मी ते त्याला सांगितलं. तो गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि चष्मा बटणाजवळ नेला. अंगठ्यानं बटण दाबून सोडलं. आम्ही दोघं बघत राहिलो. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. दिवा लागला, दिवा गेला. मग, कुणाच्या लक्षात येऊ नये इतक्या हळू, ते बाहेर आलं.

"वापस येऊनच नाई राह्यलं ना बटन," तो म्हणाला. "हे पाहा इकडे. पहिले वायर काढा भिंतीतून. आन् सुई द्या एखादी. कोरोनातलं ते हाताले लावायचं पानी असन तं ते बी द्या."

सुई तिच्या शिलाई मशीनच्या डब्यात होती. सॅनिटायझरची अर्धी बाटली बाथरूममध्ये सापडली. त्यानं बटणाच्या कडेनं चार थेंब सोडले, थोडा वेळ थांबला, मग सुईचं टोक त्या बारीक फटीत घालून गोल फिरवायला लागला. सुईला लालसर चिकट काहीतरी लागलं. मग एक तुकडा निघाला. मग एक अख्खा दाणा. तो त्यानं तळहातावर घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"भाऊजी."

"हं."

"तुम्ही याले भात चारला का?"

मी म्हणालो, "भात नाही. अक्षता आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला सगळं सांगावं लागलं. दसरा, गूळपाणी, कपाळ समजून लावलेलं बोट, आणि मग लाजेपोटी फडक्यानं घासून घासून तेच सगळं फटीत कसं ढकललं ते. मी बोलत होतो आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो आधी तोंड दाबून हसला, मग मोठ्यानं, मग फरशीवरच बसला.

"गूळपानी! अहो, ताई साधं पानी घे. आन् लावे वरतून, डब्याच्या टाळूवर. तुम्ही तं त्याच्या तोंडातच घास कोंबला!"

"मला काय माहीत?"

"तीस-पस्तीस वर्षं काय पाहून राह्यले होते तुम्ही?"

"पेपर," मी म्हणालो. आणि मग मलाही हसू आवरेना. आम्ही दोघं म्हातारे त्या संगणकासमोर जमिनीवर बसून हसत होतो. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि नंतर बराच वेळ पुसत राहिला. मी उठून चहा टाकला.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं बटण पुन्हा चारदा दाबून बघितलं. आता ते टक् आवाज करून आत जात होतं आणि टक् करून बाहेर येत होतं. वायर लावली. बटण दाबायला त्यानं मला सांगितलं. तो मोजायला लागला. पाच झाले. सहा. सात. दहापर्यंत मोजून तो थांबला. पडद्यावर तिनं लावलेलं आर्वीच्या स्टँडचं चित्र आलं.

फाईल उघडली. अक्षरं मराठी होती.

मी पहिल्यापासून वाचायला लागलो, मोठ्यानं, कारण त्याला ऐकायचं होतं. आंजीची गाडी गेली का, हा प्रश्न दुसऱ्या ओळीतच आला. तो पुढेही आला, परत आला. मला माझं बोलणं आठवलं. पण आता प्रत्येक प्रश्नाखाली तिनं एक-दोन ओळी लिहिल्या होत्या. आधी मला दाखवलेल्या पानांत त्या होत्या की नाही, मला सांगता येत नाही. बहुतेक असाव्यात आणि मी फक्त प्रश्न वाचले असावेत.

आंजीची गाडी गेली का? – एक बाई. हातात दवाखान्याची फाईल. गेली म्हटल्यावर बाकावर बसली, रडली नाही, फाईल उघडून पाहत राहिली.

आंजीची गाडी गेली का? – नवी नवरी, एकटी. गेली म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं.

आंजीची गाडी गेली का? – रोज येणारे गुरुजी. गाडी समोर उभी होती. नुसतं बोलायला आले.

प्रश्न झाला की माझ्यासमोर बसलेला माणूस डोळे मिटून उत्तर देत होता. "आंजी? साडेदहाची. ते चुकली तं सव्वाबारा." गाडीची वेळ, कुठे लागायची, कुठल्या वर्षी बंद झाली, सगळं. मी प्रश्न वाचायचा, तिची ओळ वाचायची, आणि त्यानं उत्तर द्यायचं, असं आम्ही सहा पानं केलं. एका प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. बकरीचं तिकीट अर्धं का पुरं, हा प्रश्न होता. म्हणाला, "हे तं मलेबी कधी समजलं नाई. ते कंडक्टरच्या मनावर राहे."

मी म्हणालो, "मी तिला म्हटलं होतं, सगळे सारखेच प्रश्न आहेत."

"सांगतलं होतं तिनं मले."

"काय म्हणाली?"

"म्हने, ते ग्रंथपाल हायेत. एकाच नावाची दोन पुस्तकं आली का एक वापस पाठवतात." तो पायांत चप्पल घालायला लागला होता. "हासून सांगे हो. रागावून नाई. काऊन तोंड पाडता?"

त्याला चारची गाडी धरायची होती. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडी लागलेली होती, तरी त्यानं चौकशीच्या खिडकीत वाकून विचारलं, आर्वीची हीच का. आतल्या मुलीनं मान वर न करता हो म्हटलं.

त्या आठवड्यात दुरुस्तीवाल्यानं प्रिंटर आणून आमच्याच संगणकाला जोडला आणि मी पूर्ण फाईल छापून घेतली. छप्पन्न पानं आहेत. शेवटचं पान अर्धं आहे, तिथे एक प्रश्न लिहिला आहे आणि खालची ओळ लिहिलेली नाही. मी ते छापताना पाहिलं, वाचलं नाही. हातात पेन्सिल न घेता मी रोज दुपारी एक पान वाचतो.

आज पन्नासावं झालं. सहा राहिली आहेत.